हेराच्या बायकोला काय माहीत असतं?

मैत्रिणींनो, दुपारी ओटा आवरून झाला की तुम्ही हातात काय घेता? विणकाम? निवडायची भाजी? मी कादंबरी घेते. तीही ऐतिहासिक! फकिराच्या वेषातला हेर हवा, भुयार हवं आणि सगळ्या धामधुमीत एक प्रेमप्रकरणही हवं. ‘इतिहासाच्या बाईंनी असलं वाचावं का?’ म्हणून घरी चेष्टा होते. होऊ दे. ग्रंथालयाच्या पुस्तकातली माझी खूण रोज दहा-वीस पानं मागे-पुढे झालेली असते. सासूबाईंचं वाचन कुठवर आलंय ते मला त्यावरून कळतं!

सवय लागली ती नाथमाधवांमुळे. सिंहगडाच्या कड्यावरून पडून अधू झालेल्या या लेखकानं आम्हा मुलींना मात्र स्वराज्यातले सगळे गड हिंडवले. पुढे कॉलेजात ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ हाती आली. बॅरोनेस ऑर्झी या बाईंची ही १९०५ ची कादंबरी. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. एक इंग्रज सरदार वेष पालटून लोकांना गिलोटिनखालून सोडवून आणतो. घरी मात्र नुसता कपड्यांचा शौकीन, बावळट नवरा! बायकोला, मार्गरीटला, यातलं काहीच ठाऊक नाही. भावाचा जीव वाचावा म्हणून ती शत्रूला एक बातमी पुरवते, आणि मग तिला कळतं, आपण धरून दिला तो आपलाच नवरा. या पानावर माझी आमटी करपली होती.

परवा नववीचे पेपर तपासत होते. एकीनं कादंबरीतली नायिका चक्क खरी म्हणून उत्तरात घातलेली. दोन गुण कापले. पण राहवेना, म्हणून वर्गात आपल्या नागपूरचीच गोष्ट सांगितली.

१८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं. तीनच वर्षांनी, १३ जून १८५७ च्या रात्री, टाकळीच्या घोडदळानं उठायचं ठरवलं. शहरातून आगीचे तीन फुगे आकाशात चढले की ती खूण. त्याआधी पायदळाला फितवायला दफेदार दाऊद खान गेला. ज्या पहिल्याच शिपायाशी तो बोलला, त्यानंच त्याला धरून दिलं. बेत तिथेच फसला. पुढाऱ्यांना फाशी झाली. आणि वाड्यातल्या वृद्ध बाकाबाईंनी, दुसऱ्या रघूजींच्या विधवेनं, आपलं वजन टाकलं ते इंग्रजांच्या बाजूनं. राज्य गेलेलं, वाड्यातलं जडजवाहीर लिलावात निघालेलं, तरीही! मुलींना हे मुळीच आवडलं नाही. मला तरी कुठे आवडतं? पण त्या वयात, सगळं घर डोक्यावर असताना, त्यांच्यापुढे दुसरं काय होतं, हा विचारही मनातून जात नाही.

कादंबरीत तो पहिला शिपाई नायकाचा जिवलग मित्र निघाला असता. भुयार सापडलं असतं. गुण मी कापले ते बरोबरच होते.

पण तास संपता संपता तीच मुलगी उठली. “बाई, त्या रात्री दाऊद खान निघाला, तेव्हा त्याच्या घरच्यांना माहीत होतं का हो?”

माझ्या पुस्तकात एवढंच आहे, की तो निघाला आणि पकडला गेला. मी खडू खाली ठेवला आणि तिला म्हटलं, “ते तू लिही.”

दोन गुण मात्र परत दिले नाहीत.