गाठीची रसद तोडताना

कर्करोगाची गाठ रक्तावर पोसते. ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फुटवे फोडायला लावते. ही रसद तोडावी, अशी कल्पना अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडली.

जठराच्या बळावलेल्या कर्करोगावर तिची मोठी परीक्षा ‘अ‍ॅव्हागास्ट’ चाचणीत झाली. रुग्ण ७७४. निम्म्यांना केमोथेरपीसोबत ही रसद तोडणारं बेव्हासिझुमॅब, उरलेल्यांना केमोसोबत औषध नसलेलं सलाइन. २०११मध्ये निकाल छापून आला: मध्यक आयुष्य अनुक्रमे १२.१ महिने आणि १०.१ महिने. फरक दिसत होता, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही.

२०१४मध्ये निकाल छापून आलेल्या ‘रेनबो’ चाचणीत मात्र यश आलं. पहिल्या केमोनंतरही जठराचा हाच आजार वाढलेल्या ६६५ रुग्णांवर ती झाली. पॅक्लिटॅक्सेल या केमोला रसद तोडणाऱ्या रामुसिरुमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य ७.४ महिन्यांचे ९.६ महिने झाले. हा लाभ छोटा, पण खरा.

रसद तोडणाऱ्या या औषधांनी रक्तदाब वाढू शकतो, रक्तस्रावही होऊ शकतो. नांदेडहून नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईच्या टाटा रुग्णालयात ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. गावी परतल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रक्तदाब मोजून वहीत लिहावा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर मुंबईच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नये. नांदेडच्या विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय लगेच गाठावं.