तंजावरच्या मोडी दप्तराचा संबंधनकाशा

तंजावरच्या मराठी राजवटीचे मोडी दप्तर आज एका ठिकाणी नाही. काही गठ्ठे सरस्वती महाल ग्रंथालयात, तर काही १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठात आहेत. सूचीवरून कागद कोठे आहे एवढेच कळते. तो कशाशी निगडित आहे, हे नव्हे. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळातील ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र घ्यावे. तेथे अन्नदानाबरोबर विद्यादानही चाले. म्हणून हुकूम, धान्याचा हिशेब व पंतोजींचे वेतन एकत्र वाचल्यावाचून त्याचा कारभार उलगडत नाही. अनेक सर्व्हरांवर आपल्या सेवा स्वतः चालविणारे संगणकतज्ज्ञ असाच नकाशा काढतात : प्रत्येक सेवा हा बिंदू, प्रत्येक अवलंबन ही रेषा. दप्तराच्या नकाशात ज्या गठ्ठ्याकडे सर्वाधिक रेषा जातील, त्याची छायाप्रत कसर लागण्यापूर्वी घेतली पाहिजे.