मायटर सॉ घेताय? आधी बोटांचा हिशोब करा



देवनार, गोवंडी, चेंबूर या पट्ट्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. ज्यांना चावी मिळाली, त्यांच्या घरात लगेच फर्निचरचं काम सुरू होतं. अशा कुठल्याही साइटवर डोकावून बघा. कारागीर उकिडवा बसलाय, पट्टी पायाने दाबून धरलीय आणि हातात मार्बल कटर, त्याला लाकडाचं पातं लावलेलं. काम होतं, नाही असं नाही. पण ज्या दिवशी पातं लाकडात अडकून कटर उसळतं, त्या दिवशी समोर त्याचाच पाय असतो.

म्हणूनच फिनिशिंगचं काम करणाऱ्या बऱ्याच सुतारांना आता मायटर सॉ घ्यायचाय. व्हिडिओत मशीन दाखवलं, पण पैशांचा हिशोब राहून गेला. तो आज पूर्ण करू.

आधी न आवडणारा हिशोब

समजा, तुमचा कारागीर ३० वर्षांचा आहे आणि पगार महिना १५,००० रुपये. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं होतं. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. सूत्र सोपं आहे. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला ३० व्या वर्षाचा गुणक २०७.९८ ने गुणा आणि त्याचे ३० टक्के काढा. उत्तर येतं ५,६१,५४६ रुपये! तर्जनीचा आकडा निघतो २ लाख ६२ हजारांच्या आसपास.

"माझा माणूस रोजंदारीवर आहे, मला काय लागू होतंय?" या भ्रमात राहू नका. आणि भरपाई मिळाली तरी त्या माणसाला पुन्हा रंधा धरता येत नाही. तो तुमच्याकडे दहा वर्षं शिकलेला हात असतो.

आता या आकड्याशेजारी मशीनची किंमत ठेवा आणि मग दुकानात जा.

मशीनमध्ये काय बघायचं?

*आकार:* साधारण १० इंची पात्याचं साधं मशीन सव्वापाच-साडेपाच इंच रुंदीपर्यंत सरळ कापतं. चौकटीच्या पट्ट्या, बीडिंग, लहान स्कर्टिंग एवढंच काम असेल तर ते पुरे. रुंद फळ्या कापायच्या असतील तर स्लायडिंग मशीन घ्या, ते १२ इंचांच्या आसपास जातं. पण ते जड असतं आणि मागे जागा लागते. रोज तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हेही ठरवा.

*कोनाचे खाचे:* ०, १५, २२.५, ४५ अंशांवर टेबल खटकन बसलं पाहिजे. दुकानातच लाकडाचा तुकडा कापून गुण्याने तपासा. ७५ मिलिमीटर रुंद पट्टीच्या दोन्ही तुकड्यांत अर्धा-अर्धा अंश चुकला, तर कोपऱ्यात जवळजवळ २ मिलिमीटर फट पडते. ती फट लांबी भरून झाकता येते, पण गिऱ्हाईकाच्या नजरेतून सुटत नाही. आणि भिंतीचा कोपरा ९१ अंशांचा निघाला तर ४५ वर कापून चालणार नाही, ४४.५ लागेल. आधी कोपरा मोजा, निम्मा करा, मग तो ९० मधून वजा करा.

*गार्ड:* हात खाली आणताना खालचं गार्ड आपोआप उघडलं पाहिजे, वर नेताना आपोआप मिटलं पाहिजे. चार-पाच वेळा करून बघा. अडकत असेल तर ते मशीन घेऊ नका.

*इलेक्ट्रिक ब्रेक:* बटण सोडल्यावर ब्रेक नसलेलं पातं बराच वेळ फिरत राहतं. बोटं तिथेच जातात, कारण माणसाला वाटतं काम संपलं. ब्रेक असेल तर पातं काही सेकंदांत थांबतं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, ब्रेक घ्याच.

मशीनबरोबर काय घ्यायचं?

* *क्लॅम्प:* लहान तुकडा हाताने धरायचा नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर हाताला बंदी. तुकडा तेवढा लांब नसेल तर क्लॅम्प लावा.
* *स्टँड किंवा आधार:* लांब पट्टीचं टोक लोंबकळलं की पातं आवळतं. स्टँड परवडत नसेल तर टेबलाच्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे करा. एका दुपारचं काम आहे.
* *योग्य पातं:* फिनिशिंगला ६० ते ८० दातांचं, दात पुढे कमी झुकलेले किंवा किंचित मागे झुकलेले. पुढे झुकलेला दात लाकूड ओढून घेतो. पात्यावर लिहिलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा.
* *धूळ ओढायची सोय आणि मास्क:* लाकडाची धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलंय. एमडीएफ कापताना रुमाल पुरत नाही. आयएस ९४७३ चा मास्क घ्या.
* *चष्मा आणि कानाचे मफ:* दोन्ही मशीनला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे "सापडत नाही" ही सबब उरत नाही.
* *आरसीसीबी:* साइटवर तात्पुरत्या वायरीवर काम चालतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेला बोर्ड स्वतःचा ठेवा.

हातमोजे मात्र या यादीत नाहीत. फिरत्या पात्याजवळ हातमोजा अडकला तर हात आत ओढला जातो. सैल बाही आणि हातातला दोराही नको.

तीन नियम, भिंतीवर लिहा

१. पातं पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावायचं, आणि पूर्ण थांबल्यावरच वर उचलायचं.

२. स्लायडिंग मशीन आधी पुढे ओढायचं, खाली आणायचं, मग मागे ढकलत कापायचं. उलटं केलं तर पातं लाकडावर चढून तुमच्याकडे येतं.

३. गार्ड तारेने वर बांधलेलं दिसलं तर काम बंद. "भुसा अडकतो म्हणून बांधलं" हे उत्तर ऐकायचं नाही. प्लग काढून भुसा साफ करायचा.

तिसरा नियम मालकाने पाळायचा असतो. संध्याकाळी गिऱ्हाईक घाई करतंय, तेव्हा "चल रे, आजच्या दिवस काप तसंच" हे वाक्य आपल्याच तोंडून निघतं. कारागीर ते एकदा ऐकतो आणि कायमचं शिकतो.

पैसे कुठून आणायचे?

मशीनचं बजेट ठरवताना एक भाग क्लॅम्प, पातं, स्टँड, मास्क, चष्मा यांच्यासाठी आधीच बाजूला काढा. मशीनवरच सगळे पैसे संपवले तर या वस्तू "पुढच्या कामात घेऊ" म्हणून राहतात. पुढचं काम येतं, वस्तू येत नाहीत. आणि विमा एजंटला कामगार नुकसानभरपाई पॉलिसीचा हप्ता आजच विचारा. तो खर्च कोटेशनमध्ये धरा. दर थोडा वाढेल, पण फट नसलेला कोपरा दाखवून तो दर मागता येतो.

या आठवड्याचा गृहपाठ

उद्या साइटवर गेलात की काही बोलू नका. दहा मिनिटं उभे राहून फक्त बघा, की तुमच्या माणसाचा दुसरा हात कुठे आहे. पात्यापासून एक वीत तरी लांब नसेल, तर पहिली खरेदी क्लॅम्पची.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा वाढवा, दहाही बोटं शाबूत ठेवून!