पद ‘मंजूर’ आहे, पण माणूस कुठे आहे?

विधिमंडळाचे अधिवेशन आले की आरोग्य खात्यातील रिक्त पदांवर प्रश्न येतो. भरतीची कार्यवाही सुरू असल्याचे उत्तर मिळते, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि विषय मिटतो. अकोट तालुक्यातील रुग्णासाठी मात्र तो मिटत नाही. म्हणून हे प्रश्न कसे विचारले जातात, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे, तसाच बौद्ध समाजातही आहे. तो आनुवंशिक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हा रुग्ण एकदा दवाखान्यात जाऊन बरा होत नाही. फॉलिक ॲसिड, अनेकांना हायड्रॉक्सियुरिया, ठरावीक काळाने रक्ततपासणी, गरज पडल्यास रक्त, हे सारे आयुष्यभर लागते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद रिकामे राहिले की तपासणी थांबते. औषध निर्माता नसला की गोळ्यांत खंड पडतो. आरोग्यसेविका नसली की न आलेल्या रुग्णाच्या घरी कोणी जात नाही. क्षयरोग, मधुमेह, रक्तदाब यांचेही असेच आहे. रिक्त पदाचा अर्थ तुटलेला उपचार असा होतो.

आता प्रश्न कोणाला विचारायचा? उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. दार चुकले की ‘हा विषय आमच्याकडे नाही’ एवढेच उत्तर मिळते.

आमदारांच्या हाती साधने आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आकडे हवे असतील तर हाच मार्ग बरा. तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहायला आश्वासन समिती आहे. तिचा उल्लेख आपल्याकडे फारसा कोणी करत नाही.

नुसत्या गदारोळाने काय होते, हे आरोग्य भरतीत दिसले. ऑक्टोबर 2021 मध्ये गट क आणि गट ड पदांच्या परीक्षा झाल्या, पेपर फुटला. त्या डिसेंबरच्या अधिवेशनात विरोधकांनी सीबीआय चौकशीची मागणी केली. पुढे परीक्षा रद्द झाल्या. 10 हजार 949 पदांची नवी जाहिरात निघाली ती ऑगस्ट 2023 मध्ये. या काळात वय उलटून चाललेल्या तरुणांत आपलीही मुले होती, आणि रिकाम्या खुर्चीसमोर थांबलेले रुग्णही आपलेच होते.

तेव्हा प्रश्न नेमका हवा. तालुक्यात प्रत्येक केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांपैकी कंत्राटी किती? प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलेले किती? पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? नोंद असलेल्या सिकलसेल रुग्णांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जणांना औषध मिळाले? ही माहिती माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते आणि ती 30 दिवसांत मिळायला हवी. रुग्णाचे नाव मागू नका, फक्त संख्या मागा. मग तो कागद घेऊन अधिवेशनाच्या आधी, प्रश्न देण्याच्या मुदतीत, आमदारांकडे जा.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईची विश्रांती आणि आरोग्य हा घरचा खासगी मामला नसून राष्ट्राच्या हिताचा विषय आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती पुढे न्यायची असेल, तर 14 एप्रिलच्या रक्तदान शिबिराला आणखी एक काम जोडा: आपल्या गावच्या उपकेंद्रातील रिक्त पदांची यादी करा आणि ती दर अधिवेशनाला तपासा.