न्यू हार्मनीचा सोनेरी गुलाब : वास्तू आणि भाषांतर

ऐतिहासिक वास्तूंचा अभ्यास हा सामान्यतः स्थापत्यज्ञांचा व इतिहासकारांचा प्रांत समजला जातो. तथापि वास्तूवरील एखाद्या चिन्हाचा उगम शब्दात असेल, तर त्याचा उलगडा भाषेच्या अभ्यासकाला करावा लागतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, वाबाश नदीच्या काठी असलेले न्यू हार्मनी हे गाव याचे उत्तम उदाहरण होय. हजाराहूनही कमी वस्तीच्या या गावाला १९६५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

गावाचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीतील व्ह्युर्टेम्बर्ग प्रांतातून धर्ममतभेदांमुळे बाहेर पडलेल्या जॉर्ज राप व त्याच्या अनुयायांनी १८१४ मध्ये येथे वसाहत केली. हा ‘हार्मनिस्ट’ समाज सामायिक मालमत्तेवर व ब्रह्मचर्यावर भर देणारा होता. सहकारी चळवळीच्या इतिहासामुळे आपणांस परिचित असलेल्या रॉबर्ट ओवेनने १८२५ मध्ये हे सारे गाव विकत घेतले. त्याचा आदर्श समाजाचा प्रयोग १८२७ पर्यंत विस्कटला. परंतु त्याच्या ओढीने आलेले शास्त्रज्ञ व शिक्षक यांनी गावाला विद्येची परंपरा दिली. विल्यम मॅक्लूरने १८३८ मध्ये स्थापन केलेले ग्रंथालय आजही चालू आहे. हार्मनिस्टांचे दगडविटांचे धान्यकोठार आणि त्यांची सामुदायिक निवासगृहे हीही पाहावयास मिळतात.

परंतु ज्या वास्तूचा येथे प्रामुख्याने विचार करावयाचा, ती आज अस्तित्वात नाही. १८२२ च्या सुमारास हार्मनिस्टांनी क्रुसाच्या आकाराचे विटांचे चर्च उभारले. त्याच्या द्वारावर एक गुलाब कोरलेला होता व त्याखाली बायबलातील मीखाच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातील आठव्या वचनाचा निर्देश होता. आता कोणी इंग्रजी बायबल उघडून हे वचन पाहिले, तर तेथे गुलाब आढळणार नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्या स्थळी पूर्वीच्या राज्यसत्तेचा उल्लेख आहे, आणि मूळ हिब्रू शब्दांचा अर्थही तोच. मग गुलाब आला कोठून? तो आला मार्टिन लूथरच्या जर्मन भाषांतरातून. तेथे या वचनात ‘सोनेरी गुलाब’ असे शब्द आहेत. हार्मनिस्टांचा धर्मग्रंथ हाच असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने गुलाब हे येऊ घातलेल्या दैवी राज्याचे अभिवचन होते. केवळ इंग्रजी जाणणारा संशोधक मात्र त्याला शोभेची नक्षी समजून पुढे जाईल, अथवा निर्देशच चुकला असे मानील.

१८७४ मध्ये हे चर्च पाडण्यात आले व त्याच्या विटांतून हार्मनिस्टांच्या दफनभूमीभोवती भिंत बांधण्यात आली. त्या भिंतीच्या आत सुमारे २३० व्यक्तींना मूठमाती दिलेली आहे. परंतु एकाही थडग्यावर खूण वा नाव नाही. मृत्यूनंतरही सर्व समान, या त्यांच्या श्रद्धेचे ते द्योतक होय. मृतांची नावे शिळेवर न कोरणाऱ्या या समाजाने एक वचन मात्र दारावर कोरले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या गुलाबाला पुढे दुसरे आयुष्य लाभले. ओवेनच्या वंशजाशी विवाह झालेल्या जेन ब्लॅफर ओवेन यांच्या प्रेरणेने १९६० मध्ये फिलिप जॉन्सन या स्थापत्यकाराने येथे ‘छप्पर नसलेले चर्च’ बांधले. विटांच्या भिंतींनी वेढलेल्या या खुल्या प्रांगणात झाक लिप्शिट्झच्या शिल्पावर लाकडी कौलांचा एक उंच घुमट आहे. त्याचा आकार उलट्या गुलाबकळीसारखा योजलेला असून हार्मनिस्टांच्या चिन्हाचेच ते पुनरुज्जीवन होय. जर्मन भाषा गावातून केव्हाच नाहीशी झाली. तिच्यातील एक शब्द मात्र इंग्रजी भाषिकांच्या हातून पुन्हा वास्तुरूपास आला.

लूथरचे हे शब्द मुळाला धरून नाहीत, असे भाषांतरमीमांसक म्हणेल, आणि ते खरेच आहे. परंतु इतिहासदृष्ट्या प्रश्न तेथे संपत नाही. मुळाबरहुकूम नसलेल्या शब्दावरही एका समाजाने आपली आशा बांधली, व ती आशा विटांत आणि लाकडात उतरली. म्हणून कोरीव लेख वा चिन्ह यांचा अर्थ लावताना मूळ ग्रंथात काय आहे एवढेच पाहणे पुरेसे नाही. कोरणाऱ्यांच्या हाती कोणत्या भाषेतील कोणता पाठ होता, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. आपल्याकडील शिलालेखांच्या व देवळांच्या अभ्यासकांनाही हा दंडक उपयोगी पडेल, असे वाटते.