ड्रोन आणि रिमोटची जोडणी : आकाशातील यंत्र नेमके कोणाचे ऐकते?

वाराणसी : कार्तिक पौर्णिमेच्या सायंकाळी देवदीपावलीला काशीचे घाट लाखो पणत्यांनी उजळून निघतात. अस्सी घाटापासून राजघाटापर्यंत गंगेच्या पश्चिम तीरावर पसरलेली ही अर्धचंद्राकृती रोषणाई उंचावरून टिपण्याचा मोह छायाचित्रणाची आवड असणाऱ्या अनेकांना होतो. तळहातावर मावणाऱ्या ड्रोनमुळे हे काम वरकरणी सोपे वाटते. मात्र खाली नौकांची गर्दी आणि घाटाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे असलेले भाविक असताना हवेतील यंत्राने चालकाचे ऐकणे थांबवले, तर काय होईल, याचा विचार उड्डाणापूर्वी क्वचितच केला जातो. या प्रश्नाचे उत्तर ड्रोन आणि त्याचा रिमोट यांच्या जोडणीपाशी, म्हणजे ‘पेअरिंग’ किंवा ‘बाइंडिंग’ या प्रक्रियेपाशी सुरू होते.

जोडणी म्हणजे केवळ यंत्र सुरू करणे नव्हे. आज्ञा कोणाची मानायची आणि ती आज्ञा येणे थांबल्यास काय करायचे, या दोन्ही गोष्टी उड्डाणापूर्वीच ठरवाव्या लागतात. पहिली गोष्ट जोडणीने ठरते, तर दुसरी तिच्या पाठोपाठ करावयाच्या सेटिंगने. त्यामुळे ही कामे घाटावरच्या गर्दीत नव्हे, तर घरी किंवा मोकळ्या मैदानात शांतपणे करणे आवश्यक ठरते.

एकाच पट्ट्यात अनेक आवाज

बहुतेक छोटे ड्रोन २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात चालतात, काही ५.८ गिगाहर्ट्झचाही वापर करतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये कमी क्षमतेच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला. घरातील वाय-फाय, ब्लूटूथ आणि मोबाइलचे हॉटस्पॉट याच पट्ट्यात असतात. गंगा आरतीच्या वेळी दशाश्वमेध घाटावर हजारो मोबाइल एकत्र येतात, तेव्हा या पट्ट्यात किती गजबज होत असेल, याची कल्पना करता येते.

इतक्या गोंगाटात आपला आवाज आपल्याच यंत्राने ओळखावा कसा, हा प्रश्न दूरनियंत्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात रेडिओलहरींवर चालणारी छोटी नौका चालवून दाखवली होती. भलत्याच संकेतांना यंत्राने दाद देऊ नये, यासाठीही त्यांनी विचार केला होता. पुढे १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी एका पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले. संदेश एकाच वारंवारतेवर न पाठवता ठरलेल्या क्रमाने एकीवरून दुसरीवर उडी घेत पाठवायचा, ही त्यामागील कल्पना होती. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ वारंवारता त्यांनी योजल्या होत्या.

हौशी विमानचालकांना मात्र दीर्घकाळ साध्या उपायावर अवलंबून राहावे लागले. रिमोटमध्ये आणि विमानात एकाच वारंवारतेचे स्फटिक बसवले जात. एकाच मैदानावर दोघांचे स्फटिक सारखे निघाले, तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याचे विमान कोसळण्याचा धोका असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झवरील डिजिटल रिमोट आले आणि स्फटिकांची जागा जोडणीने घेतली.

जोडणीत नेमके काय घडते?

प्रत्येक रिमोटमधील रेडिओ चिपला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. जोडणीच्या स्थितीत नेल्यावर रिमोट हा क्रमांक प्रक्षेपित करतो. त्याच स्थितीत वाट पाहणारा ड्रोनमधील रिसीव्हर तो ऐकतो आणि आपल्या स्मृतीत साठवतो. वारंवारतांच्या उड्यांचा क्रमही याच वेळी दोघांमध्ये ठरतो. त्यानंतर रिमोटकडून येणाऱ्या प्रत्येक संदेशावर ही ओळख असते. ओळख जुळली तर आज्ञा पाळली जाते, न जुळल्यास ती दुर्लक्षित केली जाते. त्यामुळे एकाच मैदानावर अनेक ड्रोन उडत असले तरी सहसा एकाचा हुकूम दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

मात्र सर्व ड्रोन ही ओळख कायम जपून ठेवत नाहीत. अनेक स्वस्त खेळण्यातील ड्रोन प्रत्येक वेळी सुरू केल्यावर नव्याने जोडणी करतात आणि जवळ सापडलेल्या पहिल्या रिमोटला आपलेसे करतात. त्यामुळे दोन मुलांनी शेजारी-शेजारी एकाच वेळी यंत्रे सुरू केली, तर एकाचा ड्रोन दुसऱ्याच्या रिमोटला जोडला जाऊ शकतो. मोबाइलवरून वाय-फायद्वारे चालणाऱ्या काही ड्रोनचे जाळे पासवर्डविना खुले असते; तेथे कोणीही त्रयस्थ शिरकाव करू शकतो. पासवर्ड बदलण्याची सोय असल्यास ती प्रथम वापरणे हिताचे असते.

जोडणीची पद्धत

प्रत्येक उत्पादकाची पद्धत थोडी वेगळी असते आणि अंतिम शब्द सोबतच्या माहितीपुस्तिकेचाच असतो. तरीही सर्वसाधारण क्रम सारखा आहे.

प्रथम ड्रोन आणि रिमोट या दोन्हींची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. ड्रोन सपाट जागी ठेवावा, कारण सुरू होताना त्यातील संवेदक जमिनीची पातळी आधार म्हणून घेतात. स्वतः जुळवलेला ड्रोन असल्यास त्याची पाती काढून ठेवणे हा महत्त्वाचा नियम आहे. चुकीच्या जोडणीने मोटर अचानक फिरल्यास बोटांना गंभीर इजा होऊ शकते. परिसरातील इतर रिमोट बंद ठेवावेत आणि ड्रोन व रिमोट एकमेकांजवळ असावेत.

खेळण्यातील बहुतेक ड्रोनमध्ये ड्रोन सुरू केल्यावर दिवे लुकलुकतात. त्यानंतर रिमोट सुरू करून उंची नियंत्रित करणारी दांडी एकदा पूर्ण वर आणि मग पूर्ण खाली आणली की ‘बीप’ असा आवाज येतो आणि दिवे स्थिर होतात. कॅमेरा असलेल्या महागड्या ड्रोनचा रिमोट सहसा कारखान्यातूनच जोडून येतो. रिमोट बदलल्यास मोबाइल ॲपमधून किंवा रिमोटवरील ठरावीक बटणे एकत्र दाबून जोडणीची स्थिती सुरू करावी लागते आणि ड्रोनवरील बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. दिवा लुकलुकणे म्हणजे शोध सुरू आहे आणि दिवा स्थिर होणे म्हणजे जोडणी झाली, ही खूण बहुतेक ठिकाणी लागू पडते.

जोडणी होत नसेल, तर कारण बहुधा साधे असते. बॅटरी उतरलेली असते, दुसरा रिमोट सुरू राहिलेला असतो, दांडी सुरुवातीला तळाशी नसते किंवा ड्रोन व रिमोटमधील सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असतात.

जुना ड्रोन विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बाब तपासावी. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा ही प्रयोजने वगळता पूर्ण तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. जुने ड्रोन हातोहात घेताना यंत्र आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेले राहिले, तर नव्या रिमोटशी जोडणी होऊनही काही सुविधा अडून बसतात. जुन्या मालकाने ते खात्यातून मोकळे करणे आणि नोंदणीही नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित होणे गरजेचे असते.

संपर्क तुटल्यावर

जोडणी पक्की असली तरी संपर्क तुटू शकतो. काशीच्या अरुंद गल्ल्यांमध्ये उंच भिंती रेडिओलहरी अडवतात आणि उपग्रहांचे संकेतही नीट पोहोचू देत नाहीत. नदीवर लहरी पाण्यावरून परावर्तित होतात. अशा वेळी ड्रोनने काय करावे, हे आधीच ठरवून देण्याच्या सोयीला ‘फेलसेफ’ म्हणतात. ड्रोन जागीच तरंगत राहतो, खाली उतरतो किंवा उड्डाणाच्या मूळ जागी परततो. यापैकी कोणता पर्याय निवडला आहे, हे जोडणीनंतर लगेच तपासले पाहिजे.

यातील शेवटचा पर्याय सर्वांत सुरक्षित वाटतो. गंगेवर मात्र तो फसवा ठरू शकतो. चालत्या नौकेतून ड्रोन उडवल्यास तो उड्डाणाच्या क्षणीचे स्थान ‘घर’ म्हणून लक्षात ठेवतो. दरम्यान नौका पुढे सरकलेली असते. संपर्क तुटला, तर ड्रोन इमानेइतबारे त्या जुन्या जागी परततो आणि पाण्यात उतरतो. शिवाय ड्रोनच्या तळाचे कॅमेरे जमिनीचा पोत पाहून स्थान ओळखतात. हलत्या, चकाकत्या पाण्यावर त्यांची गफलत होते. लोखंडी संरचनेजवळ होकायंत्रही चुकते. जीपीएस नसलेल्या खेळण्यातील ड्रोनला तर परतण्याची वाटच ठाऊक नसते. तो वाऱ्याबरोबर वाहत जाऊन जेथे असेल तेथे खाली येतो. खाली पायऱ्यांवर माणसे असतील, तर काही शे ग्रॅम वजनाचे फिरत्या पात्यांचे यंत्रही इजा करण्यास पुरेसे असते.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’, तर त्यापुढील २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ वर्गात मोडतात. नॅनो ड्रोनसाठी, तसेच बिगरव्यावसायिक वापराच्या मायक्रो ड्रोनसाठी चालक प्रमाणपत्राची अट नाही. मात्र याचा अर्थ कोठेही उडवण्याची मोकळीक, असा होत नाही. डिजिटल स्काय या संकेतस्थळावरील नकाशात देशाचे आकाश हिरवे, पिवळे आणि लाल अशा क्षेत्रांत विभागलेले आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही. हिरव्या क्षेत्रातही साधारण मर्यादा ४०० फुटांची असून विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. नियमभंगासाठी १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या नियमांत आहे.

याशिवाय पोलीस यंत्रणा एखादा परिसर तात्पुरते लाल क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. पंतप्रधानांचा लोकसभा मतदारसंघ असलेल्या वाराणसीत अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या दौऱ्यांच्या वेळी ड्रोन उड्डाणावर बंदीचे आदेश निघत असतात. काशी विश्वनाथ मंदिर परिसराची सुरक्षाव्यवस्थाही कडक आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून काशीयात्रेला जाणाऱ्यांनी ड्रोन सामानात ठेवण्यापूर्वी नकाशा आणि स्थानिक पोलिसांचे आदेश दोन्ही तपासणे आवश्यक आहे.

परवानगी मिळाल्यानंतरही पहिले उड्डाण घाटावर करू नये. गर्दीपासून दूर, मोकळ्या मैदानात जोडणी करावी. ड्रोन दोन-तीन मीटर उंचीवर स्थिर ठेवून प्रत्येक दांडीला तो योग्य दिशेने प्रतिसाद देतो का, हे पाहावे. फेलसेफचा पर्याय आणि ‘घर’ म्हणून नोंदलेले स्थान तपासावे. उड्डाण संपल्यावर आधी ड्रोन आणि मगच रिमोट बंद करावा, म्हणजे मोटर सुरू असताना यंत्र आज्ञेविना राहत नाही. या तपासणीला जेमतेम दहा मिनिटे लागतात. घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांची सुरक्षितता या दहा मिनिटांवर अवलंबून असते.