मुरगळलेला घोटा आणि सोळाशे मीटर

पाय मुरगळणे हे आपल्याकडे दुखण्यात धरले जात नाही. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून पाय घसरतो, कबड्डीत किंवा खो-खोत घोटा वळतो; हळद-चुना लावून, फडके बांधून माणूस दोन-तीन दिवसांत कामाला लागतो. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, असे आपण समजतो. परंतु कित्येकांचा तोच पाय पुढे वारंवार दगा देतो. सपाट वाटेवरही घोटा अचानक कलतो. वर्ष उलटल्यावरही हा त्रास राहिला तर त्यास घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. आपल्या भंडारा जिल्ह्यातील कितीतरी मुले-मुली पोलीस व सैन्य भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करतात. म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. वाचून जे समजले ते साध्या शब्दांत मांडीत आहोत.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध असतात. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या या चिवट पट्ट्या होत. चवडा खाली व तळवा आत वळला, की सर्वांत आधी पुढची पट्टी ताणते किंवा फाटते. ती सैल भरून आली तर सांधा ढिला राहतो. पण एवढेच कारण नाही. १९६५ साली इंग्लंडमधील फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मत मांडले की, अस्थिबंधाबरोबर त्यातील मज्जातंतूंनाही इजा होते आणि पाऊल कोणत्या स्थितीत आहे याची खबर नीट पोहोचत नाही. पुढील संशोधनाने यात भर घातली. स्नायूंना हुकूम देण्याची मेंदूची रीतही बदलते, असे आढळले. म्हणूनच काहींचा सांधा तपासणीत घट्ट असूनही पाय दगा देतो.

आता चालण्याकडे पाहू. निरोगी माणसाची टाच आधी टेकते, भार तळव्यावरून पुढे सरकतो व अंगठ्याच्या बाजूने पाऊल उचलले जाते. अस्थिर घोट्याच्या माणसाचे पाऊल टेकण्यापूर्वीच थोडे आत वळलेले असते आणि भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर राहतो. अशा वेळी लहानसा खडाही घोटा कलंडायला पुरेसा होतो. घोटा वळण्याची क्रिया इतकी झटपट होते, की नंतर सावरू म्हणणाऱ्या स्नायूंना वेळच मिळत नाही. ते आधीपासून सज्ज असावे लागतात. घोट्याची उणीव मग गुडघा व कंबर भरून काढू पाहतात.

धावताना धोका वाढतो. चालताना काही क्षण दोन्ही पाय जमिनीवर असतात. धावताना ते कधीच नसतात. शिवाय प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट जोर जमिनीवर पडतो. हिशेब करून पाहा. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. एक पाऊल सव्वा मीटरचे धरले तर १२८० पावले, म्हणजे एका पायावर ६४०. साठ किलोच्या मुलाचा घोटा दर वेळी १२० ते १५० किलोचा जोर सोसतो. त्यात डांबरी रस्त्याच्या उतरत्या कडेने धावल्यास उताराकडचे पाऊल आणखीच आत वळते. दुर्लक्ष झाल्यास सांध्याची कुर्ची झिजून पुढे संधिवात जडू शकतो.

मग उपाय काय? पाय मुरगळताच काम थांबवावे, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. सुरुवातीला जोराने चोळू नये. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल तर एक्स-रे काढावा. वेदना ओसरल्यावर व्यायाम सुरू करावेत : भिंतीला धरून पोटरी ताणणे, टाचा उचलणे, रबरी पट्टीला अडकवून पाऊल बाहेर ओढणे आणि एका पायावर उभे राहणे, हे जमले की डोळे मिटून, भिंतीजवळ. असे किमान सहा आठवडे करावे. पुढे चालणे, सरळ धावणे व शेवटी वळणे-उड्या, या क्रमाने सराव वाढवावा. घोट्याच्या पट्ट्याने आधार मिळतो, पण तो व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. एवढे करूनही पाय वळत राहिला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. क्वचित शस्त्रक्रिया लागते.

मजुरी करणाऱ्या घरातील मुलाला किंवा मुलीला भरतीची संधी वारंवार मिळत नाही. वयाची अट असते. विद्यार्थी मित्रांनो, जाहिरात निघण्याची वाट पाहू नका. आजच आळीपाळीने एकेका पायावर उभे राहून पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा लवकर डळमळला, तर त्याच्याकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे. पालकांनीही, दुखत असताना धावणे म्हणजे हिंमत, असे मुलांना सांगू नये. शेतात राबणाऱ्या आयाबहिणींच्या घोट्यांनाही हीच काळजी लागू आहे. त्यांचा संसार त्याच पायांवर उभा आहे.